खुणेचं झाड

झाडावरचा नारिंगी ठिपका सगळ्यांत आधी वैजयंतीताई सबनीसांना दिसला, आणि त्यांनी तिथल्या तिथे हात जोडले.

"बघा, आपल्याआधी कुणीतरी शेंदूर लावून गेलंय," त्या मागच्या बायकांना म्हणाल्या. "जागा जागृत दिसते."

एकोणीस बायका पुढे सरकल्या. अंगावर नऊवाऱ्या आणि पैठण्या, पायांत गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. कुणी त्या ठिपक्याला हळद लावली, कुणी कुंकू. माझी बायको मंदा मात्र जागची हलली नाही. तिनं आधी ठिपका पाहिला, मग मान वर करून शेंडा पाहिला, आणि मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, माझ्यासाठी तिचा जीव भरून आला असेल. नवऱ्यांचा असा समज फार लवकर होतो.

मी चौतीस वर्षं वनखात्यात काढली. गडचिरोली, मेळघाट, डहाणू असं फिरत सहायक वनसंरक्षक म्हणून निवृत्त झालो. एवढ्या काळात माझ्या सहीनं किती झाडं पडली ते खात्याला माहीत असेल. मी विसरायचा प्रयत्न केला आहे. त्यामुळे बायकांची हळदकुंकवाची गडबड चालू असताना मी हळूच झाडाच्या मागच्या बाजूला गेलो. तिथेही तसाच नारिंगी ठिपका होता. पुढून एक, मागून एक, म्हणजे तोडणारा कुठूनही आला तरी चुकायला नको. आमच्याकडे हातोड्याचा ठप्पा मारतात, इथं रंग फवारतात, एवढाच फरक. तो शेंदूर नव्हता. ते झाड तोडायचं ठरलेलं होतं, आणि माझी बायको त्यालाच माझं आयुष्य बांधायला आली होती.

या गोष्टीला सहा वर्षं झाली. इंग्लंडच्या श्रॉपशर भागात माझी मुलगी मुग्धा आणि जावई राहतात, त्यांच्याकडे आम्ही महिनाभरासाठी गेलो होतो. निघण्याच्या तोंडावर पुण्यात माझ्या हृदयाच्या तीन नळ्या तुंबलेल्या निघाल्या. नऊ जुलैला बायपास ठरली. डॉक्टरांनी नाखुशीनंच प्रवासाला जाऊ दिलं. ही शस्त्रक्रिया हल्ली दाढ काढण्यासारखी झाली आहे, असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होतो. मंदा कुणालाच काही सांगत नव्हती. दुपारी माझा डोळा लागला की ती येऊन माझ्या छातीवर हात ठेवून बघायची, आणि मी झोपल्याचं सोंग घ्यायचो. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत तिनं एक वटपौर्णिमा चुकवली नव्हती, आणि नेमकी याच वर्षी ती अशा मुलखात होती जिथे वड औषधालाही सापडत नाही.

मुग्धानं तिथल्या मराठी मंडळाला कळवलं. मंडळात चाळीस कुटुंबं आणि दोन गट होते. गणपतीच्या महाप्रसादात पनीर असावं की नसावं, यावरून तीन वर्षांपूर्वी फूट पडली होती. वैजयंतीताई तिथल्या इस्पितळात मोठ्या डॉक्टर होत्या आणि पनीर नको म्हणणाऱ्या गटाच्या अध्यक्ष होत्या. त्यांनी खास सभा बोलावली. एकीनं वडाचा फोटो चालेल म्हणून सुचवलं, दुसरीनं प्लास्टिकचा वड ऑनलाइन मिळतो म्हणून दाखवला. दोन तासांनी बहुमतानं ठराव झाला की ज्या देशात जे सर्वांत मोठं झाड, तोच त्या देशाचा वड. विरोधात चार मतं पडली. त्या चौघीही पूजेला आल्या.

मोठं झाड जवळच्या टिबल्स वुडमध्ये होतं. अकरा एकरांची झाडी. मेळघाटात आम्ही एवढ्याला जंगल म्हटलं नसतं, विश्रामगृहाचं आवार म्हटलं असतं. पण त्या अकरा एकरांना तेरा जणांची समिती होती, फाटकावर तीन पाट्या होत्या आणि कुत्र्यांच्या मालकांसाठी चौथी. परवानगीचा अर्ज सहा पानांचा होता. 'संभाव्य धोके' या रकान्यात मंडळाच्या चिटणीसबाईंनी 'साडीत पाय अडकणे' असं लिहिलं. 'कार्यक्रमातून अपेक्षित लाभ' यापुढे 'पतीचे दीर्घायुष्य', आणि 'लाभाचा कालावधी' यापुढे 'सात जन्म'. समितीनं एकाही उत्तराला हरकत घेतली नाही. फक्त दोन अटी घातल्या. जाळ करायचा नाही, आणि मागे काहीही सोडायचं नाही. गुंडाळलेला दोराही जाण्यापूर्वी काढून न्यायचा, कारण त्यात पाखरांचे पाय अडकतात.

पहिली अट सोपी होती. बॅटरीवरच्या निरांजनांनी आरती ठरली. दुसऱ्या अटीनं मंडळ हादरलं. सात जन्मांचा दोरा बांधायचा आणि तासाभरात सोडायचा, तर मग उरलं काय? आणि सोडायचा कुणी? बायकोनंच उलटे फेरे घालून सोडला, तर त्याचा अर्थ काय निघेल? शेवटी वैजयंतीताईंनी निर्णय दिला की दोरा नवऱ्यांनी सोडावा, शास्त्रात त्याला मनाई नाही. शास्त्राला ही वेळ येईल असं वाटलंच नव्हतं, ही गोष्ट वेगळी. पण नवरेमंडळी एरवी मंडळाच्या कुठल्याही कामाला पुढे येत नसत, ती या कामाला एकजात तयार झाली. एकानं तर सातांतले तीनच सोडले तर चालतील का, अशी चौकशी केली. त्याची बायको त्याच्याशी रविवारपर्यंत बोलली नाही.

पूजा सुरू झाली तसा मी बाजूच्या ओंडक्यावर जाऊन बसलो. तिथे आर्थर पिल्बीम आधीच बसले होते. एकोणऐंशी वर्षांचे, निवृत्त सुतार, समितीतर्फे ती झाडी सांभाळणारे. अंगानं उंच, डोक्यावर जुनी टोपी. बूट मात्र लख्ख पुसलेले होते. मी माझी ओळख दिली. जंगलातला माणूस म्हटल्यावर त्यांनी मला डब्यातलं बिस्किट दिलं. मग मी आवाज खाली आणून विचारलं, की ते झाड कधी तोडणार.

ते दचकले. मग ओशाळून त्यांनी सांगून टाकलं. बुंध्याच्या मुळाशी बुरशी लागली होती, आतून खोड पोकळ झालं होतं आणि झाड पायवाटेवर झुकलं होतं. सप्टेंबरात तोडणार होते. मंडळाचा अर्ज आल्यावर समितीच्या तीन बैठका झाल्या. एवढ्या बायका दोरे घेऊन येणार, म्हणजे चांगल्या झाडाला इजा नको, असं ठरलं. मग जे जायचंच आहे ते झाड द्यायचं, असंही ठरलं.

"तुम्हा मंडळींना हे कळेल असं आम्हाला वाटलं नव्हतं," ते म्हणाले. "मला लाज वाटते."

मी म्हटलं, लाज कसली? मीही अर्जदारांना हेच केलं असतं. चौतीस वर्षं केलं होतं. लोकांना द्यायचं ते पोकळ द्यायचं आणि वर सही घ्यायची, यात मला काही नवीन नव्हतं. गंमत एवढीच होती की या वेळी रांगेत माझी बायको होती.

ती फेरे घालत होती. एका हातात दोऱ्याचं रीळ, दुसऱ्या हातानं साडीचा काठ उचललेला, ओठ हलत होते. तिला दम लागत होता. तिच्या तोंडाकडे बघून मला एकदम भीती वाटली. शस्त्रक्रियेची नाही. सप्टेंबरात हे झाड पडेल, कधीतरी मुग्धाच्या तोंडून तिला कळेल, आणि माझ्या छातीत जरा कळ आली तरी ती मनात त्या दोऱ्याकडे बोट दाखवील, याची. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण तिचा होता, आणि त्यावर ती ऑपरेशनच्या खोलीबाहेर सात तास बसणार होती.

आर्थरनी मला हे काय चाललंय म्हणून विचारलं. मी सावित्रीची गोष्ट थोडक्यात सांगितली. यम नवऱ्याचा प्राण घेऊन निघाला, बायको त्याच्या मागे मागे गेली आणि बोलण्यात गुंतवून त्याच्याकडून प्राण काढून घेतला. ते बराच वेळ बायकांकडे बघत राहिले.

"माझी मॉरीन जाऊन अकरा वर्षं झाली," ते म्हणाले. "ज्यांच्या बायका आधी गेल्या, त्यांच्यासाठी कोण फिरतं?"

"कुणी नाही," मी म्हणालो. "ते नियमात बसत नाही."

ते हसले. मीही हसलो. त्या उत्तराची आज मला लाज वाटते.

मग नवऱ्यांची पाळी आली. आम्ही झाडाभोवती उलटे फिरलो. एकोणीस जणींचे दोरे एकमेकांत गुंतले होते, कुणाचे जन्म कुणाकडे गेले ते समजायला मार्ग नव्हता. मी जाता जाता बुंध्यावर बोटं वाजवून पाहिली. आत रिकाम्या पिंपासारखा आवाज आला.

चार दिवसांनी घरी फिरायला जातो म्हणून सांगितलं आणि बस पकडून मी टिबल्स वुडला गेलो. आर्थर फाटकाची बिजागरी दुरुस्त करत होते. मी त्यांना सगळं सांगितलं, नऊ जुलैसकट. तोडू नका म्हणालो. निदान या वर्षी नको. पायवाट वळवा, कुंपण घाला, काहीही करा. आयुष्यभर गावकरी माझ्या दारात येऊन हेच म्हणायचे, साहेब, तेवढं एक झाड ठेवा, देवाचं आहे. मी त्यांना नियम वाचून दाखवायचो. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. तो दांडा आता सत्तरीच्या उंबरठ्यावर हात जोडून उभा होता.

आर्थरनी एकच विचारलं. "बायकोला माहीत आहे?"

"नाही. आणि कळायलाही नको."

"मग बघतो," ते म्हणाले, आणि पुन्हा बिजागरीला लागले.

त्यांनी खरंच पाहिलं. समितीची तातडीची बैठक झाली. दोघांनी राजीनाम्याची धमकी दिली आणि त्यातल्या एकानं तो दिलाही. आमच्या विमानाच्या आदल्या दिवशी सकाळी आर्थरचं मुग्धाला पत्र आलं, हातानं लिहिलेलं. पायवाट तीस फूट सरकवायचं ठरलं होतं, भोवती कुंपण, आणि झाड आपणहून पडेपर्यंत त्याला कुणी हात लावणार नव्हतं. खाली माझ्यासाठी एक ओळ होती, की तुमच्यामुळे म्हातारपणी एकदा तरी भांडायला मिळालं, आभारी आहे.

मला राहवलं नाही. झाड वाचलंच होतं, तर आता लपवायचं कशाला? मंदा बॅग भरत होती. मी पलंगावर बसलो आणि तिखटमीठ लावून सगळा पराक्रम सांगितला. ठिपका, बुरशी, ओंडक्यावर आर्थरशी झालेलं बोलणं, बसचा प्रवास, समिती, राजीनामा. शेवटी पत्र तिच्या हातात दिलं आणि कौतुकाची वाट बघत बसलो.

तिनं पत्र उघडलंच नाही. ती खाली बसली.

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं हे करायला?" ती म्हणाली.

"अगं, तुझ्यासाठीच केलं. तुला माहीत नव्हतं, ते झाड—"

"मला माहीत नव्हतं?" ती म्हणाली. "अठ्ठावीस वर्षं तुमच्याबरोबर जंगलातल्या क्वार्टरमध्ये राहिले. तोडायचं झाड मला ओळखता येत नाही, असं वाटलं तुम्हाला? शेंडा वाळला होता. मुळाशी आळंबी होती. पुढे खूण, मागे खूण. बाकीच्या सगळ्या शेंदूर शेंदूर करत होत्या, मी कशाला बोलू?"

"मग फेरे कशाला घातलेस?"

एखाद्या मठ्ठ कारकुनाला सांगावं तसं तिनं मला सांगितलं.

"तुमचे ठेकेदार काय करायचे, आठवतं? खुणेचं झाड सोडून शेजारचं बिनखुणेचं न्यायचे. शेवटी बुंधे मोजले की आकडा बरोबर. तुम्हीच येऊन सांगायचात, वरिष्ठांना आकडा जुळल्याशी मतलब. मी म्हटलं, यमाचं खातंही सरकारीच असणार. त्याला एक न्यायचंय ना, मग एक दाखवते. इथं खूण केलेलं, जायचंच ठरलेलं झाड आहे, ते घे आणि आकडा जुळव. माझ्या माणसाला सोड. सात फेरे घालून एवढंच बोलले मी. आणि तुम्ही जाऊन ते झाडच सोडवून आणलंत."

याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात. आयुष्यात पहिल्यांदा एक झाड वाचवलं, तेही नेमकं माझ्या बदली लिहून दिलेलं. मी हसायला लागलो, कारण दुसरं काही सुचेना. मंदा हसली नाही. तिचे डोळे भरून आले होते. हे काहीतरी खुळं आहे, हे मला माहीत होतं. आणि माझ्यासाठी कुणी इतका विचार केला होता, हेही त्याच वेळी कळलं.

"फोन लावा," ती म्हणाली. "तोडायला सांगा."

आठ दिवसांत एकाच झाडासाठी दोन परस्परविरोधी अर्ज करणारा माणूस माझ्या कार्यालयात आला असता, तर मी त्याला शिपायाकरवी बाहेर काढलं असतं. मी फोन लावला. ती समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होती, त्यामुळे मला आर्थरना सगळं सांगावं लागलं, यमाच्या खात्यासकट. ते इतका वेळ हसले की त्यांना खोकला लागला. मग म्हणाले की समितीची पुढची बैठक ऑक्टोबरात आहे, त्याआधी ठराव बदलता येत नाही. हे ऐकून मला अगदी घरच्यासारखं वाटलं.

"तुमच्या बायकोला सांगा, काळजी करू नका," आर्थर म्हणाले. "तो जर एक न्यायलाच आला, तर त्याला माझ्याकडे पाठवा. पत्ता फाटकावर लिहिलेला आहे. मला इथं आता फारसं काम उरलेलं नाही."

मी ते मंदाला जसंच्या तसं सांगितलं. तिला जरा हसू येईल म्हणून सांगितलं. तिनं मान हलवली आणि बॅगेची चेन ओढली.

नऊ जुलैला माझी शस्त्रक्रिया झाली. दाढ काढण्यासारखी मुळीच नव्हती, पण नीट झाली. पंधरा दिवसांनी मी घरी आलो, महिन्याभरात पर्वतीच्या पायथ्यापर्यंत चालत जाऊ लागलो. भेटायला येणारे डॉक्टरांचं कौतुक करायचे. मंदा चहा देऊन आत निघून जायची. मी तिला एकदोनदा डिवचलं, की बघ, झाडही आहे आणि मीही आहे, तुझ्या यमाचा आकडा चुकला. त्यावर तिनं मला गप्प राहायला सांगितलं.

ऑक्टोबरच्या शेवटी मुग्धाचा फोन आला. टिबल्स वुडच्या समितीची बैठक झाली होती. बैठकीत सुरुवातीला दोन मिनिटं उभं राहून आर्थर पिल्बीमना श्रद्धांजली वाहिली. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, नवीन पायवाटेच्या खुंट्या ठोकता ठोकता ते खाली बसले आणि उठले नाहीत. नेमका दिवस मुग्धाला माहीत नव्हता. मीही विचारला नाही. तिनं मंडळातर्फे फुलं पाठवली होती. झाड उभं होतं.

एकोणऐंशी वर्षांचा माणूस, उन्हात खुंट्या ठोकत होता. कारण साधं आहे, वैद्यकशास्त्रात बसतं. मी ते मंदाला नीट समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, आत गेली, आणि दोन दिवस जेवली नाही.

पुढच्या वर्षी वटपौर्णिमेला मी पहिल्यांदाच तिच्याबरोबर गेलो. आमच्या सोसायटीमागच्या मारुतीपाशी जुना वड आहे. भोवती कॉलनीतल्या बायकांची गर्दी होती. मंदानं पूजा केली, दोरा घेतला आणि फिरायला लागली. मी कठड्याला टेकून मोजत होतो. मोजायची सवय जुनी आहे. सातवा फेरा झाला. शेजारच्या कुलकर्णीवहिनी हात जोडून थांबल्या. मंदा थांबली नाही.

"मंदावहिनी, सात झाले," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे," मंदा चालता चालताच म्हणाली. "हा दुसऱ्याचा आहे. त्यांच्यासाठी फिरणारं कुणी नाही."

हे नियमात बसत नाही. आठवा फेरा पूर्ण होईपर्यंत मी डोक्यावरची टोपी काढून हातात धरून उभा राहिलो.